गाणं आवडतं, मग गाण्यांचा सिनेमा का नको?

नांदेड असो की लातूर, थिएटरात एक दृश्य हमखास दिसतं. पडद्यावर गाणं सुरू झालं की मधल्या रांगांतून दोन-चार जण उठतात. कुणाला चहा आठवतो, कुणाला तंबाखू, कुणाला घरी करायचा राहिलेला फोन. गाणं संपायच्या बेताला ही मंडळी अंधारात चाचपडत परत येतात आणि शेजाऱ्याला विचारतात, ‘मधे काय झालं?’ शेजारी सांगतो, ‘काही नाही, गाणंच होतं.’ गंमत म्हणजे सिनेमा सुटल्यावर मोटारसायकलला किक मारताना हीच मंडळी तेच गाणं गुणगुणत असतात. उद्यापासून ते त्यांच्या फोनची रिंगटोनही झालेलं असतं.

एका शिक्षकांनी मध्यंतरी बीपी तपासून घेता घेता मला विचारलं, ‘डॉक्टर, मला उठल्यापासून झोपेपर्यंत गाणी लागतात. पण गाण्यांनी भरलेला सिनेमा दहा मिनिटंसुद्धा बघवत नाही. बायको म्हणते तुमच्यात काहीतरी बिघाड आहे. खरंच असं काही असतं का?’ बिघाड अजिबात नाही, हे उत्तर तिथल्या तिथे देता आलं. पण ‘का’ या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे. ते मेंदूत दडलेलं आहे, आपल्या सवयींत आहे आणि काही वेळा कानातही आहे. शिवाय वॉर्डात खाटेवर पडलेल्या माणसाच्या बाबतीत ते फार उपयोगाचं ठरतं. म्हणून आजचा लेख या विषयावर.

गाण्याचा आनंद येतो कुठून?

गाणं ऐकताना अंगावर काटा येतो, हा अनुभव बहुतेकांना असतो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ॲन ब्लड आणि रॉबर्ट झटोर यांनी २००१ मध्ये असा काटा येण्याच्या क्षणी मेंदूत काय घडतं ते पाहिलं. चांगलं जेवण मिळाल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, साधारण तेच भाग तेव्हाही जागे झाले होते. पुढे २०११ मध्ये व्हॅलोरी सालिमपूर आणि झटोर यांच्या गटाने दाखवलं की अशा वेळी मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवतं, आणि तेही दोन टप्प्यांत. आवडती जागा येण्याआधी, ‘आता येणार, आता येणार’ अशी वाट पाहताना एका भागात. आणि ती जागा प्रत्यक्ष आल्यावर दुसऱ्या भागात. म्हणजे मेंदूला गाण्याइतकीच गाण्याची वाट पाहण्यातही गोडी वाटते.

२०१९ मध्ये बार्सिलोनातल्या संशोधकांनी आणखी एक पायरी गाठली. निरोगी माणसांना डोपामिन वाढवणारं लेव्होडोपा दिलं तेव्हा गाण्याचा आनंद वाढला. डोपामिनचं काम अडवणारं रिस्पेरिडोन दिलं तेव्हा तो कमी झाला. गाणी तीच, कानही तेच. फक्त मेंदूतलं रसायन बदललं होतं.

आता तीन-चार मिनिटांचं लोकप्रिय गाणं कसं बांधलेलं असतं ते पाहा. मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा. ठेका ठरलेला. दुसऱ्यांदा मुखडा येईपर्यंत मेंदूला त्याचा रस्ता पाठ झालेला असतो. अंदाज बांधायचा, तो खरा ठरला की सुखावायचं, आणि संगीतकाराने मधेच एखादी हुलकावणी दिली की आणखी सुखावायचं, असा हा खेळ असतो. परिचयाने आवड वाढते हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवलं होतं. पहिल्यांदा नाक मुरडलेलं गाणं चौथ्या वरातीत आपल्याला नाचवतं, ते त्यामुळेच. अर्थात अति झालं की त्याच गाण्याचा वीटही येतो.

थोडक्यात, गाण्याचा सगळा जीव पुनरावृत्तीत आहे.

गोष्टीचं गणित वेगळं

गोष्टीचं मात्र नेमकं उलटं असतं. गोष्टीला पुढे जायचं असतं. ‘मग काय झालं?’ हा तिचा प्राण. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक या संशोधकांनी २००० मध्ये गोष्टीत ‘वाहून जाण्या’चा अभ्यास केला. आपण गोष्टीत बुडतो तेव्हा आपलं लक्ष, आपल्या भावना आणि डोळ्यांपुढची चित्रं अशी सगळी शक्ती एकाच दिशेला लागते. कोण कुठे आहे, कुणाच्या मनात काय आहे, वेळ कोणती आहे, याचा एक नकाशाच मेंदू तयार करतो आणि क्षणाक्षणाला तो दुरुस्त करत राहतो.

अशात नायकाने बोलता बोलता गायला सुरुवात केली की नकाशा अडखळतो. गोष्टीतला काळ थांबतो. मघाशी पाऊस नव्हता, आता आहे. मघाशी नायिका लातूरच्या गंजगोलाईत होती, आता बर्फात आहे. आणि हा तबला कुठून वाजतो आहे? ज्यांचा मेंदू गोष्टीचा हात सहजासहजी सोडत नाही त्यांना इथे ठेच लागते. गाणं वाईट असतं असं नाही. पण ते चुकीच्या वेळी दारात आलेल्या पाहुण्यासारखं वाटतं. पाहुणा कितीही लाडका असला तरी भाकरी तव्यावर असताना तो आला की तारांबळ उडतेच.

दुसरी एक भावना असते, ती लोक फारशी बोलून दाखवत नाहीत. चारचौघांत एखादं पात्र एकदम गाऊ लागलं की काहींना चक्क अवघडल्यासारखं होतं. दुसऱ्याची फजिती पाहून आपण लाजतो, तसं. जर्मनीतल्या संशोधकांनी २०११ मध्ये अशा ‘परक्या लाजे’चा अभ्यास केला. दुसऱ्याची फजिती पाहताना बघणाऱ्याच्या मेंदूत जे भाग जागे झाले, तेच भाग दुसऱ्याचं दुखणं पाहतानाही जागे होतात. समोरच्याला स्वतःला लाज वाटत नसली तरी पाहणाऱ्याला ती वाटू शकते. त्यामुळे गाण्याच्या वेळी खुर्चीत चुळबूळ करणारा माणूस रूक्ष असतो असं समजू नका. कधी कधी तो जरा जास्तच हळवा असतो.

तिसरी गोष्ट भाषेची. गाण्याचे शब्द आणि गोष्टीचे शब्द मेंदूच्या एकाच दारातून आत येतात, त्यामुळे गर्दी होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८९ मध्ये दाखवलं की शब्द असलेलं संगीत पाठांतरात जितका अडथळा आणतं तितका नुसतं वाद्यसंगीत आणत नाही. लातुरात शिकवणीला आलेल्या हजारो मुलांच्या कामाची ही बाब आहे. कानात इअरफोन घालून, ओळखीच्या गाण्यांवर जीवशास्त्राचं पान वाचणारी मुलं मला नेहमी भेटतात. ‘सर, गाण्याशिवाय अभ्यासच होत नाही,’ असं ती सांगतात. गणितं सोडवताना किंवा आकृत्या काढताना ते चालून जाईल. पण समजून वाचायचं किंवा पाठ करायचं असेल तर शब्दांचं गाणं बंद ठेवावं आणि पन्नास मिनिटांनी एक गाणं मोकळेपणाने ऐकावं. अभ्यास आणि गाणं दोन्ही चांगली होतात.

तोच मेंदू, वेगळी सवय

इंग्रजी सिनेमात ‘म्युझिकल’ हा वेगळा प्रकार मानतात. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) किंवा ‘ला ला लँड’ (२०१६) ही त्याची उदाहरणं. आपल्याकडे मात्र बोलपटाचा जन्मच गाण्यांसह झाला. १४ मार्च १९३१ रोजी आलेल्या ‘आलम आरा’मध्ये सात गाणी होती. पुढच्याच वर्षीच्या ‘इंद्रसभा’त तर सत्तरच्या आसपास! आपल्या आजोबा-पणजोबांना त्याचं काहीच वावगं वाटलं नाही. का?

कारण त्यांचे कान आणि मन तसं घडलेलं होतं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि मराठी माणसाला गाणारी पात्रं मिळाली. बालगंधर्वांच्या काळात तर प्रेक्षक ‘वन्समोअर’ देऊन गोष्ट थांबवायचे आणि पद पुन्हा म्हणायला लावायचे. गोष्ट आधीच ठाऊक असायची. शकुंतलेचं पुढे काय होणार ही काळजी कुणालाच नसायची, त्यामुळे गाण्याने गोष्ट अडण्याचा प्रश्नच येत नव्हता.

आपल्या मराठवाड्यात तर ही परंपरा त्याहून जुनी. गोंधळी संबळाच्या तालावर कथा लावतो. कीर्तनकार ऐन रंगात आख्यान थांबवून अभंग धरतो आणि मागचे टाळकरी तो उचलतात. तमाशाच्या वगात सवाल-जवाब गाण्यात होतात. तिथे कुणी ‘मधेच गाणं कशाला?’ असं विचारत नाही. कीर्तनाला बसलेल्या माणसाला आत शिरतानाच ठाऊक असतं की इथला नियम वेगळा आहे. मेंदू आधी नियम पाहतो आणि मग अपेक्षा ठरवतो. खऱ्या आयुष्यासारख्या दिसणाऱ्या सिनेमात मात्र तो खऱ्या आयुष्याचाच नियम लावतो. खऱ्या आयुष्यात बसस्टँडवर कुणी गात नाही.

संगीत नाटकांचं पुढे काय झालं ते पाहिलं तर आपल्या शिक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासातच सापडतं. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, बोलपट स्थिरावला आणि संगीत नाटकांची गर्दी ओसरू लागली. खुद्द बालगंधर्व १९३५ च्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात पैठणच्या संत एकनाथांच्या भूमिकेत दिसले. पण नाट्यपदं काही मेली नाहीत. ती तबकड्यांवर आली, आकाशवाणीवर आली, मैफलीत शेवटच्या फर्माइशीला आली. पूर्ण संगीत नाटक एकदाही न पाहिलेली, पण पाच-सहा नाट्यपदं तोंडपाठ असलेली माणसं आपल्याकडे घरोघर आहेत. गोष्टीतून सुटं केलेलं गाणं आवडणं हा काही आजच्या मोबाइलवाल्या पिढीचा शोध नव्हे.

उलट उदाहरणंही आहेत. ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ चं नाटक आणि त्यावरचा २०१५ चा सिनेमा, दोन्ही लोकांनी डोक्यावर घेतले. गाण्याचे सिनेमे न आवडणाऱ्यांनीही तो पाहिला. कारण त्यातली पात्रं गवई आहेत. तिथे गाणं गोष्टीला थांबवत नाही, तिथे गाणं हीच घटना आहे. कोण जिंकलं, कोण हरलं हे गाण्यातच ठरतं. ‘नटरंग’चंही तसंच. ‘सैराट’मध्ये (२०१६) अजय-अतुल यांची गाणी गावोगाव वाजली. पण पात्रांच्या तोंडी देण्यापेक्षा ती बरीचशी पार्श्वभूमीला ठेवलेली आहेत आणि शेवटच्या दृश्यात तर आवाजच काढून घेतलेला आहे. गोष्टीला कधी गाणं हवं आणि कधी शांतता हवी, हे दिग्दर्शकाला कळलं की प्रेक्षक उठून चहाला जात नाही.

‘जग्गा जासूस’ (२०१७) या हिंदी सिनेमाचं उदाहरण तर डॉक्टरांनी लक्षात ठेवावं असं आहे. त्यातला नायक तोतरा आहे. बोलताना अडखळतो, म्हणून गाऊन बोलतो. सिनेमा तिकीट खिडकीवर फारसा चालला नाही, पण संगीतासाठी प्रीतम यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. म्हणजे गाणी आवडली, गाण्यांचा सिनेमा नाही. आणि बोलताना तोतरणारा माणूस गाताना अडखळत नाही, हे मात्र निव्वळ सिनेमातलं नाही. वैद्यकशास्त्राला ते चांगलंच परिचयाचं आहे. त्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

आवड-निवड आणि आजार यांतली रेघ

गाण्यांचा सिनेमा न आवडणं हा आजार नाही. मुळात संगीतच न आवडणं हासुद्धा नाही. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशा काही निरोगी माणसांचा अभ्यास केला, ज्यांना संगीताचा आनंदच होत नाही. त्यांना सूर कळतात, गाणं उदास आहे की आनंदी हेही कळतं, पैसे मिळाले तर आनंदही होतो. फक्त गाण्याने काही होत नाही. मेंदूतलं श्रवणकेंद्र आणि आनंदकेंद्र यांच्यातला संवाद त्यांच्यात कमी असतो, असं पुढे २०१६ मध्ये दिसून आलं. घरात असा कुणी असेल तर त्याला ‘अरसिक’ म्हणून हिणवू नका. तो तसाच घडलेला आहे.

पण काही बदल मात्र डॉक्टरांना सांगावेत असे असतात.

पहिला बदल म्हणजे, गाणी आवडणाऱ्या माणसाला दोन आठवड्यांहून अधिक काळ गाणं, जेवण, गप्पा, नातवंडं यांपैकी कशातच गोडी न वाटणं. हे नैराश्याचं लक्षण असू शकतं. ‘वय झालं आता’ म्हणून ते सोडून देऊ नये. शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे दाखवावं.

दुसरा बदल कानाचा. ‘आजकालच्या सिनेमात नुसता गोंगाट असतो, बोललेलं काही कळत नाही,’ अशी साठीनंतरच्या अनेकांची तक्रार असते. दर वेळी दोष सिनेमाचाच असतो असं नाही. वयाने उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, आणि ‘स’, ‘त’, ‘फ’सारखी अक्षरं त्याच पट्टीत असतात. मागे संगीत असेल तर संवाद हरवतात. त्यातच आतल्या कानाच्या बिघाडामुळे हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र एकदम असह्य होतो. आजोबा आधी ‘आवाज वाढव’ म्हणतात आणि गाणं लागल्यावर ‘बंद कर ते’ म्हणून चिडतात, तो हेकटपणा नसतो. त्यांची कानाची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, करून घ्यावी.

तिसरा बदल म्हणजे कुठेच काही वाजत नसताना गाणी ऐकू येणं. ऐकू कमी येणाऱ्या वृद्धांमध्ये हे घडू शकतं. लोक घाबरतात, काही जण देवऋषाकडे जातात. बऱ्याचदा कानाकडून येणारे संदेश कमी झाल्यामुळे मेंदू जुनी गाणी स्वतःच वाजवू लागतो. तरीही फिट, मेंदूचा आजार किंवा औषधांचा परिणाम नाही ना, हे एकदा तपासून घ्यायला हवं.

चौथा, ओळखीची गाणी अचानक बेसूर वाटू लागणं किंवा गाण्याची आवड एकाएकी पार बदलणं आणि सोबत स्वभावही बदलणं. असं झालं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं.

खाटेजवळचं गाणं

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं त्या मुद्द्याकडे येतो.

फिनलंडमध्ये हेलसिंकी इथे टेप्पो सारकामो यांच्या गटाने पक्षाघाताच्या साठ रुग्णांवर अभ्यास केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांचे तीन गट केले. पहिल्याने रोज किमान तासभर आपल्या आवडीची गाणी ऐकायची, दुसऱ्याने बोलकी पुस्तकं ऐकायची, तिसऱ्याला यातलं काहीच नाही. नेहमीचे उपचार तिघांनाही चालूच होते. दोन महिने हे चाललं. पुढे तपासलं तेव्हा शब्दांची स्मरणशक्ती आणि लक्ष लागण्याची क्षमता गाण्यांच्या गटात जास्त सुधारलेली दिसली. काहीच न मिळालेल्या गटापेक्षा त्यांच्यात उदासी आणि गोंधळलेपणही कमी होतं. गोष्ट आणि गाणं यांचं काम मेंदूत वेगळं असतं, याचा हा एक धडधडीत पुरावा. अभ्यास लहान आहे, गाण्याने पक्षाघात बरा होतो असं तो म्हणत नाही. पण त्यातले दोन शब्द महत्त्वाचे आहेत: ‘आपल्या आवडीची’.

आपल्याकडे गाडी इथेच अडते. आमच्या वॉर्डात उजवी बाजू लुळी पडलेले आणि वाचा गेलेले एक साठी ओलांडलेले शेतकरी होते. मुलगा मोठा सेवाभावी. त्याने मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ हरिपाठ लावून ठेवला होता. रुग्ण भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. चार दिवसांनी त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, ‘साहेब, यांनी कवा भजन ऐकलंय? माळेगावच्या जत्रंला जाऊन लावणी ऐकणारा माणूस हाय हा.’ मुलाला संकोच वाटला. आजारी बापाला लावणी कशी ऐकवायची? शेवटी इअरफोन लावून, आवाज बेताचा ठेवून, त्यांच्या तरुणपणातली दोन-तीन गाणी लावली. डावा हात पांघरुणावर ठेका धरू लागला. व्यायामाला ते कुरकुर न करता उठू लागले. काही दिवसांनी मुखड्याचा शेवटचा शब्द गाण्याबरोबर त्यांच्या तोंडून उमटला. बोलताना मात्र तो शब्द त्यांना येत नव्हता.

यात चमत्कार काहीच नाही. बोलण्याची केंद्रं बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतात. गाण्यात उजवी बाजूही मोठा वाटा उचलते. त्यामुळे वाचा गेलेला माणूस ओळखीचं गाणं शब्दांसह म्हणू शकतो. याच आधारावर बॉस्टनमध्ये १९७३ मध्ये एक उपचारपद्धती मांडली गेली. छोटी वाक्यं सुरात, डाव्या हाताने ठेका धरत म्हणून घ्यायची आणि हळूहळू सूर काढून टाकायचा. सगळ्यांनाच तिचा फायदा होत नाही आणि ती वाचा-उपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायची असते. पण ज्यांना होतो, त्यांना ‘पाणी’ किंवा ‘दुखतंय’ एवढं म्हणता आलं तरी पुष्कळ असतं.

शस्त्रक्रियेच्या बाबतीतही संगीताचा उपयोग दिसला आहे. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०१५ मध्ये सत्तरहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. संगीत ऐकणाऱ्यांना शस्त्रक्रियेनंतर वेदना, चिंता आणि वेदनाशामकांची गरज कमी होती. तिथे गाणं कुणी निवडलं याने फार मोठा फरक पडला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. अमुक राग ऐकला की साखर उतरते, तमुक राग ऐकला की रक्तदाब बरा होतो, असे दावे मात्र आधाराशिवाय फिरत असतात. त्यांच्या नादाने गोळ्या बंद करू नका. आणि पक्षाघाताच्या बाबतीत गाणं फार नंतरचं. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं यांपैकी काहीही दिसलं की आधी रुग्णालय गाठा. रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं.

घरी काय करता येईल?

रुग्णाजवळ गाणी लावायची असतील तर आधी त्यालाच विचारा. बोलता येत नसेल तर दोन-तीन गाणी थोडी थोडी लावून चेहऱ्याकडे पाहा, चेहरा सांगतो. पंधरा-वीस मिनिटं पुरे, दिवसभर नको. झोपेच्या, जेवणाच्या आणि डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी बंद ठेवा. वॉर्डात स्पीकर लावू नका. तुमचं लाडकं गाणं शेजारच्या खाटेवरच्या माणसाला गोंगाटच वाटतो. रुग्णाने नको म्हटलं तर लगेच थांबा.

आवाजाची मर्यादा सगळ्यांनीच पाळावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. आवाज दर तीन डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याला जेमतेम चार तास आणि १०० डेसिबलला वीस मिनिटं. वरातीतल्या डीजेपुढे ही मुदत दोन-चार गाण्यांतच संपते. आतल्या कानातल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. लहान मुलांना आणि तान्ह्या बाळांना डीजेच्या भिंतीजवळ नेऊच नका.

घरात सिनेमा पाहताना एकाला गाणी हवीत आणि दुसऱ्याला नकोत, यावरून भांडू नका. गाण्याच्या वेळी उठून चहा ठेवणाऱ्याला ठेवू द्या. तो सगळ्यांचा चहा ठेवत असेल तर उत्तमच.

शेवटी एक काम, तेही याच आठवड्यात करण्यासारखं. आपल्या आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना, नवऱ्याला, बायकोला त्यांची सर्वांत आवडती पाच गाणी विचारा. ‘भजनच आवडत असेल’ असं गृहीत धरू नका, खरोखर विचारा. उत्तरं ऐकून कदाचित चकित व्हाल. ती यादी औषधांच्या चिठ्ठ्या आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स असलेल्या फाइलमध्ये लिहून ठेवा. वाचा गेल्यावर माणसाला बीपीच्या गोळीचं नाव सांगता येत नाही, ते कागदावर सापडतं. आवडीच्या गाण्याचं नाव मात्र कोणत्याच कागदावर लिहिलेलं नसतं.